पाहुणी खिडकी

सारी-जोन खिंडीतल्या भूकंप ठाण्यावर शार्शेन एकटाच राहायचा, आणि एकट्या माणसाला लागतात त्या सगळ्या खोडी त्याला लागल्या होत्या. तो किटलीशी गप्पा मारायचा, चुलीवर डाफरायचा, आणि यंत्राशी मात्र आदबीनं वागायचा. यंत्र म्हणजे परदेशी लोकांनी एका उन्हाळ्यात आणून बसवलेला जुना युनिक्स संगणक. तेव्हा प्रत्येक ठाण्याच्या यंत्राला कुठल्या ना कुठल्या प्राण्याचं नाव दिलं गेलं. शार्शेनच्या वाट्याला आलं इलबिर्स, म्हणजे हिमबिबट्या. आता बिबट्या म्हातारा झाला होता. त्याचा पंखा घरघरायचा, आणि थंडीत जागा व्हायला तो कुरकुर करायचा. ही कुरकुर शार्शेन समजू शकत होता.

रोज सकाळी चहा झाला की तो काळ्या टर्मिनलवर एक कमांड द्यायचा. त्यासरशी पडद्यावर एक खिडकी उघडायची आणि तिच्यात जमिनीची आदल्या दिवसाची थरथर एका लांबलचक रेघेत पसरलेली दिसायची. धक्का सापडला की पहिली लाट सुरू होते तिथे एक खूण करायची, दुसरी सुरू होते तिथे दुसरी. खुणा जपून ठेवल्या की यंत्र त्या आपणहून राजधानीतल्या केंद्राकडे धाडायचं. काम एवढंच. एवढ्यावर माणसाचं आयुष्य निघू शकतं. शार्शेनचं निघालं होतं.

पण गेल्या शरदापासून ती खिडकी उघडतच नव्हती. कमांड दिली की यंत्र ती निमूट घ्यायचं, चूक दाखवायचं नाही, हरकत घ्यायचं नाही, आणि पुढच्या ओळीवर लुकलुकत बसायचं. घरजावयाला काम सांगावं, त्यानं ‘हो’ म्हणावं आणि होता तिथंच बसून राहावं, त्यातला प्रकार.

शार्शेननं हे कुणाला सांगितलं नाही. अलीकडे केंद्रातले लोक जागोजागी आपोआप चालणारी पेटी बसवत सुटले होते, आणि ज्यानं तक्रार केली त्याच्याकडे पेटी आधी पोचते हे त्यानं हेरून ठेवलं होतं. म्हणून तो गप्प राहिला. कोपऱ्यात जुना कागदी ढोल होता, त्यावर शाईची सुई रेघ ओढत असायची. मोठा धक्का त्यावर उमटायचा, बारीकसारीक नाही. शार्शेन भिंग घेऊन ढोलावरच्या वेळा वाचायचा आणि टर्मिनलवर शेऱ्यात टाइप करायचा. सवयीनं रोज सकाळी ती कमांडही द्यायचा, न जाणो आज उघडली तर.

केंद्रानं कधी नावं ठेवली नाहीत. उलट नव्या वर्षाला संचालक मामितोव साहेबांनी स्वतः फोन करून सांगितलं, की खिंडीवरून येणाऱ्या खुणा यंदा सगळ्यांत नेमक्या आहेत. शार्शेनला वाटलं, भिंगाचं चीज झालं. स्तुतीचा हिशेब कुणी तपासून बघत नाही. माणूस ती जमेला धरतो आणि पुढे चालू लागतो.

मग वसंतातल्या नोरूझच्या सणाआधी फर्मान निघालं. येत्या शुक्रवारी प्रत्येक ठाण्यानं आपल्या पडद्यावर खिडकी उघडून, केंद्र सांगेल त्या धक्क्यावर खुणा करून दाखवायच्या. ज्याला जमणार नाही तिथे वसंतात पेटी बसेल आणि माणूस खाली येईल.

खाली म्हणजे राजधानीत, मुलाच्या सातव्या मजल्यावरच्या घरात. तिथे सून प्रेमळ होती, नातवंडं रशियनमध्ये बोलायची, टीव्ही दिवसभर चालू असायचा. शार्शेनसाठी एक सोफाही ठरवून ठेवलेला होता. सोफा चांगला होता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर नको म्हणायला निमित्त तरी मिळालं असतं.

दोन दिवस त्यानं कळ काढली आणि मग केंद्रातल्या तिलेकला फोन लावला. तिलेक म्हणजे सगळ्या ठाण्यांच्या यंत्रांचा वैद्य. नोकरीला लागून दुसरंच वर्ष, पण बोलणं असं की युनिक्स याच्याच अंगणात वाढलं असावं.

“बाइके,” वडीलधाऱ्याला म्हणायची रीत असते तसं तिलेक म्हणाला, “पडदा चालू आहे ना?”

“तुझ्या जन्माआधीपासून चालू आहे.”

“तसं नव्हे. त्यावर काही दिसतंय का?”

“काळ्यावर हिरवी अक्षरं दिसतायत. तुझा चेहरा दिसत नाही, एवढं एक बरं आहे.”

“मग मी सांगतो ते टाइप करा.”

शार्शेननं दोन शब्द टाइप केले आणि थांबला. “आता अक्षरंच उमटेनात.”

“घाबरू नका. कंट्रोल आणि एस दाबलं गेलं असणार, त्यानं टर्मिनल थिजतं. आता कंट्रोल आणि...”

“क्यू. पोरा, या म्हाताऱ्याचा रुसवा काढायची कळ मला ठाऊक आहे. तुझी वाट बघत बसलो असतो तर मागच्या हिवाळ्यातच गोठलो असतो.”

तिलेक हसला नाही. तरुण वैद्य हसत नाहीत. त्यानं आधी टर्मिनल मूळपदावर आणायची कमांड द्यायला लावली. मग टर्मिनलची जात कुठली लिहिली आहे ते विचारायला सांगितलं. मग पडद्यावर ओळी किती आणि रकाने किती ते. सगळं जागच्या जागी. मग केबल हलवून बघायला सांगितली. शार्शेननं जागचं न हलता “हलवली” म्हणून सांगितलं, कारण ती त्यानं शरदापासून रोज हलवून पाहिली होती.

“कमांड दिल्यावर काही चूक येते का, बाइके? अगदी लहानशी?”

“काही नाही. एवढा शहाणा मी यंत्राला कधी बघितला नव्हता.”

“खिडकी कुठल्या पडद्यावर उघडायची ते यंत्राला सांगून ठेवावं लागतं. डिस्प्ले नावाची एक ओळ असते, तिच्यात पडद्याचा पत्ता असतो. ती काय म्हणते ते विचारा बरं.”

शार्शेननं विचारलं. उत्तर आलं. त्यानं ते चष्मा वर करून वाचलं, मग चष्मा खाली करून वाचलं.

“तुर्ना,” तो म्हणाला. “तुर्ना, मग शून्य. पण माझं यंत्र तर इलबिर्स. तुर्ना म्हणजे क्रौंच पक्षी, तो खाली नारीन शहरातला. तिकडच्या कचेरीत बुरुलच्या टेबलावर असतो.”

फोनच्या पलीकडे तिलेक कळफलकावर भराभर काहीतरी शोधायला लागला.

“तिलेक, माझ्या खिडक्या...”

“उघडत होत्या, बाइके. रोज. फक्त तुमच्याकडे नाही.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शरदात तिलेकनं सगळ्यांच्या सुरुवातीच्या फायली नव्या केल्या होत्या. खिंडीचं आणि नारीनचं यंत्र एकाच घडणीचं. म्हणून बुरुलची फाइल त्यानं जशीच्या तशी शार्शेनच्या यंत्रावर उतरवली. त्या फायलीत पत्ता बुरुलच्या पडद्याचा होता, तो तसाच राहिला. आणि बुरुलचा पडदा जुन्या काळचा, सताड उघडा. कुणीही लांबून यावं आणि त्यावर खिडकी उघडावी.

“असं ठेवत नाहीत आता,” तिलेक घाईनं म्हणाला. “त्या पडद्याची दारं मी आजच लावून घेतो.”

“हे मामितोव साहेबांना कसं सांगायचं म्हणतोस?”

“काय सांगायचं, बाइके? काही झालंच नाही.”

“म्हणजे माझी खिडकीही कधी बंद नव्हती.”

“कधीच नव्हती.”

येणं-देणं फिटलं. दोघांनीही फोन बऱ्यापैकी समाधानानं खाली ठेवला.

शार्शेननं फायलीतलं तुर्ना खोडलं, इलबिर्स लिहिलं आणि कमांड दिली. खिडकी उघडली. सबंध पडदाभर, पांढरीशुभ्र, मधून काळी रेघ. त्यानं उठून खुंटीवरचा लोकरीचा टोप, म्हणजे कालपाक, काढला, डोक्यावर ठेवला आणि पुन्हा येऊन बसला. घरी कुणी आल्यावर बोडक्यानं बसायचं नसतं. मग किटलीला सांगितलं, “आली एकदाची.”

चहा ओतून घेतला, तळलेल्या बोरसोकची पिशवी जवळ ओढली आणि तो सबंध हिवाळा उलट चाळायला लागला. आणि घास तसाच राहिला.

प्रत्येक धक्क्यावर खुणा होत्या. शरदापासूनच्या एकूण एक. बारीक थरथर, ढोलावर जिचा मागमूस नव्हता, तिच्यावरसुद्धा. सगळ्या इलबिर्सवर, शार्शेनच्या नावानं जपून ठेवलेल्या. कार्यक्रम चालत होता त्याच्या यंत्रावर, दिसत होता बुरुलच्या पडद्यावर. तिनं तिकडे खूण केली की ती इकडे त्याच्या खात्यात पडत होती, आणि तिथून केंद्राकडे जात होती. नव्या वर्षाची ती शाबासकी आता त्यानं पुन्हा काढून तपासली. ती भिंगाची नव्हती.

हात त्यानं लगेच ओळखला. फार वर्षांपूर्वी नारीनच्या कचेरीत दोघं एकाच खोलीत काम करत होती. पहिली खूण आखूड ठेवायची आणि दुसरी वरपासून खालपर्यंत ओढायची, ही बुरुलची पद्धत. तेव्हा तो तिला त्यावरून चिडवायचा. पहिल्या लाटेशी तुझं काय वाकडं आहे, म्हणून.

एका धक्क्यावर तो थबकला. तिथे तिची आखूड खूण होती, पण खुणेखाली काहीच नव्हतं. सरळ सपाट रेघ. पहिल्यांदाच चुकली बाई, असं मनात येऊन त्याला जरा बरंही वाटलं. मग त्यानं चष्मा पुसला. मग पडद्याला नाक लागेल इतका पुढे झाला. शेवटी ढोलावरचं भिंग आणून पडद्यावर धरलं. भिंगाखाली, बरोबर खुणेपाशी, रेघ केसभर हलली होती.

भिंग त्यानं जागेवर ठेवून दिलं. चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नारीनला फोन लावला. आधी रीतीप्रमाणे गुरंढोरं विचारली, मुलंबाळं विचारली. गुरं दोघांकडेही नव्हती, मुलं दोघांचीही लांब होती. तरी सगळी सुखरूप असल्याचं दोघांनी एकमेकांना सांगितलं.

“माझी खिडकी तुझ्याकडे येत होती म्हणे, बुरुल.”

“येत होती, बाइके.”

“आणि तू एका शब्दानं बोलली नाहीस.”

“दारात उतरलेल्याला कशाला आलास असं विचारतात का? तुमच्याकडे विचारत असतील तर मला माहीत नाही.”

“सबंध हिवाळा मुक्काम करतो तो कसला पाहुणा?”

“अल्लानं धाडलेला. सकाळी मी किल्ल्या टेबलावर ठेवायच्या आत हजर. म्हटलं, बसा. पडद्यावर वरच्या अंगाला जागा करून दिली, माझी कामं खाली दाराशी सरकवली. पूर्वी इथे सहा टेबलं होती. आता पाचांवर चादरी आहेत. माणसं कुणी मॉस्कोला, कुणी कझानला. कुणी आलं तर जड थोडंच होणार होतं?”

“आणि खुणा कशाला केल्यास?”

“पाहुणा घरात जेवणार आणि त्याचा घोडा बाहेर उपाशी? मला माझ्या आईनं असं वाढवलं नाही.”

शार्शेननं टेलिफोनची वायर बोटाला गुंडाळली. “तुला काय वाटलं? मी का पाठवतोय?”

मागे कुठेतरी तिच्या कचेरीतला हीटर टिकटिकत होता.

“उन्हाळ्यात त्या लग्नात तुम्ही माझे दोन्ही हात हातात घेऊन नवरीच्या मावशीचं अभिनंदन केलंत. मावशी तुमच्यामागे उभी होती. मी घरी येऊन विचार केला, याला दिसत नाहीये. मग खिडकी यायला लागली. म्हटलं, सांगवत नसेल. पुरुषमाणूस, त्यात खिंडीवर राहिलेला. सांगवत नाही म्हणून पाठवतोय.”

“डोळे ठीक आहेत माझे. तिलेकनं चूक केली होती. आता दुरुस्त झालीय.”

“असेल. त्याचा काल मला फोन आला, माझ्या पडद्याची दारं लावून घेतली म्हणाला. आज सकाळी काही उघडलं नाही. वरची जागा मी मोकळीच ठेवली होती. सवय असते हाताला.”

शार्शेननं पुन्हा एकदा मुलाबाळांची खुशाली विचारली आणि फोन ठेवला.

शुक्रवार उजाडला. मामितोव साहेबांनी दाखवायला धक्का निवडला तो चांगला दणदणीत, ढोलावर बोटभर उंच उमटलेला. शार्शेननं भिंगानं ढोल वाचला, हिशेब केला आणि पडद्यावर दोन्ही खुणा टाकल्या. साहेब म्हणाले, छान. पेटी दुसऱ्या कुणाच्या तरी डोंगरावर गेली. सुनेनं फोनवर सांगितलं, की सोफा काही कुठे पळून जात नाही.

मग रोजची सकाळ सुरू झाली. खिडकी त्याच्या पडद्यावर उघडायची, सबंध पांढरी. तो कालपाक घालून समोर बसायचा. शरदापासून त्याला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि ते त्याला दिसत नव्हतं.

पहिल्या बारीक धक्क्याला त्याची खूण उशिरा पडली, लाट सुरू झाल्याच्या बरीच पुढे. तिलेकचा फोन आला. “बाइके, गडबडीत होतात का?”

“गडबड? इथे? इथे गडबड करायलासुद्धा मीच एकटा.”

दोघं हसले. पुढच्या धक्क्याला खूण त्याहून उशिरा पडली. तिलेकनं फोन करून किती सेकंद चुकले तो फक्त आकडा सांगितला, आवाज सभ्य ठेवला आणि ‘काळजी घ्या’ म्हणाला. या वेळी तो हसला नाही. हसणारा माणूस सभ्य झाला की पेटी गाडीत चढली असं समजावं. शार्शेननं तसंच समजलं.

त्या सकाळी त्यानं बराच वेळ किटलीशी वाद घातला. मग यंत्रासमोर बसून फाइल उघडली. कुठली ओळ ते आता कुणी सांगायला नको होतं. इलबिर्स खोडलं, तुर्ना लिहिलं, कमांड दिली.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा यंत्रानं हरकत घेतली. पडदा उघडता येत नाही, परवानगी नाही, असं स्वच्छ लिहून आलं. तिलेकनं दारं लावली होती, आणि ती आतूनच उघडायची होती. चुकून शिरायचा रस्ता बंद झाला होता. आता जायचं तर विचारून जावं लागणार होतं.

त्यानं कालपाक घातला आणि नारीनचा नंबर फिरवला.

“बुरुल.”

“बोला, बाइके.”

यंत्राबद्दल, पत्त्याबद्दल, परवानगीबद्दल त्यानं एक वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते जिभेवर आलंच नाही. आलं ते दुसरंच. तरुणपणी उन्हाळी कुरणांवर, परक्याच्या तंबूपाशी घोडा थांबवून, खाली न उतरता बाहेरूनच हाळी द्यायचा, ते.

“पाहुणा घेता का?”

पलीकडे खुर्ची करकरली. बुरुलनं उत्तर दिलं ते आतून द्यायचं तसंच, सावकाश.

“एकटाच आहे, का सोबत कुणी आहे?”

“एकटाच.”

“कसा आहे?”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर खिंडीवर बर्फ होता, नुसता पांढरा. त्यात बघण्यासारखं काही असलंच तर त्याला ते दिसत नव्हतं.

“दिसत नाही त्याला,” शार्शेन म्हणाला. “बारीक काही दिसत नाही.”

“बरं,” बुरुल म्हणाली. “मग उतरा म्हणावं. घोडा मी बांधते.”

कळफलकाचा आवाज आला. चार-दोन शब्दांची कमांड असावी. “इलबिर्सपुरतं दार उघडलंय. त्या तिलेकला सांगू नका, पुन्हा लावत बसेल. द्या आता.”

त्यानं कमांड दिली. यंत्रानं ती निमूट घेतली, हरकत घेतली नाही, आणि पुढच्या ओळीवर लुकलुकत बसलं. पडदा काळाच राहिला.

“आली,” बुरुल म्हणाली. “काल रात्रीचा एक दिसतोय. अगदी हलका आहे.”

“असेल.”

“ठेवते मी. खूण करायला हात मोकळे हवेत.”

“ठेव.”

त्यानंही फोन ठेवला. कालपाक डोक्यावर तसाच होता. पहिली आखूड खूण, मग दुसरी वरपासून खालपर्यंत, एवढं करायला बुरुलला जितका वेळ लागतो तितका वेळ तो रिकाम्या पडद्यासमोर हात गुडघ्यावर ठेवून बसून राहिला.